उत्पन्न नव्हे, विकलेले भांडवल

वाडवडिलांची जमीन तुकड्यातुकड्याने विकून जो गृहस्थ थाटात राहतो, त्यास गावात कोणी श्रीमंत म्हणत नाही. घर बुडवावयास निघाला आहे, असेच चार शहाणे लोक म्हणतात. पण हाच व्यवहार राष्ट्राने आपल्या खाणींच्या बाबतीत केला की त्यास विकास हे भारदस्त नाव मिळते आणि खनिजाचे मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या जमेस धरले जाते.

या हिशेबातील विसंगती साधी आहे. निव्वळ उत्पन्न काढताना खाणीत राबणाऱ्या यंत्रांची झीज वजा करण्याचा प्रघात जगभर आहे. ज्या डोंगरावर ती यंत्रे चालतात, त्या डोंगराची झीज मात्र आजवर वजा होत नसे. वस्तुतः यंत्र नवे घेता येते, डोंगर घेता येत नाही. जागतिक बँक प्रत्येक देशाच्या खनिजक्षयाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी शेकडा प्रमाण काढीत आली आहे. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारलेल्या नव्या पद्धतीत तर हा क्षय उत्पादनाचा खर्च म्हणूनच धरावयाचा आहे. हा न्याय उशिरा झाला, तरी झाला हे बरे.

तो किती निकडीचा आहे, हे आमच्या शेजारच्या गोमंतकात पाहावे. पोर्तुगीज अमदानीपासून डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिज नदीमार्गे मुरगाव बंदरास आणि तेथून परदेशी गेले. आधी जपान, पुढे चीन हे मोठे गिऱ्हाईक झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू करण्यास मुभा देताना, विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा, असा आदेश दिला. २०१८ साली ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि डिसेंबर २०२२ पासून नवे लिलाव सुरू झाले.

खाणी कायमच्या बंद कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. त्या थांबल्या तेव्हा मजूर, ट्रकवाले व बार्जवाले यांच्या चुली विझण्याची पाळी आली, हे आम्ही विसरत नाही. पण त्यांच्या पोटाचा प्रश्नही माती संपेपर्यंतच सुटणार आहे, नंतर काय? प्रशांत महासागरातील नौरू बेटाने १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर फॉस्फेट विकून अमाप वैभव भोगले. साठा आटला, निधीही उधळला गेला, आणि हाती उरली ती खणून उजाड झालेली भूमी.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे : सरकारने दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर, किती खनिज गेले, त्याचे मोल काय, आणि त्यांतील किती रक्कम मुद्दल म्हणून राखली, याचा ताळेबंद लोकांपुढे ठेवावा. व्याज खाण्याचा अधिकार आजच्या पिढीस आहे. मुद्दल मात्र अजून न जन्मलेल्यांचेही आहे, आणि त्यांना मत देता येत नाही.