प्रिंटरच्या पोटातली शाई

जून उजाडला की अक्कलकुव्यातल्या सेवा केंद्रांपुढे उभं राहायला जागा उरत नाही. प्रवेश, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. मोलगीकडची माणसं देवगोई घाट उतरून येतात, एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून इथल्या माणसाचं कागदाशी नातं घट्टच होत गेलं आहे. आणि नेमक्या गर्दीत केंद्रातला इंक टँक प्रिंटर थांबतो. दिवे लुकलुकतात, पडद्यावर संदेश येतो की इंक पॅडची मुदत संपली. टाकीत शाई आहे, कागद आहे, हेडही ठीक आहे. मग मशीन अडलं कशात?

टाकीत भरलेली सगळी शाई कागदावर उतरते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. हेडला केसापेक्षा बारीक अशी शेकडो छिद्रं असतात आणि त्यांच्या तोंडाशी शाई वाळते. ती मोकळी ठेवण्यासाठी प्रिंटर पंपाने हेडमधून शाई ओढतो, रबराच्या पट्टीने हेडचं तोंड पुसतो, अधूनमधून काही थेंब बाजूला थुंकतो. ही शाई नळीतून मशीनच्या तळाशी बसवलेल्या जाड नमद्यात जाते. तोच वेस्ट इंक पॅड.

पॅड भरलं की नाही, हे प्रिंटर तपासून पाहतो, हाही गैरसमजच. बहुतेक साध्या मॉडेलांत पॅडमध्ये सेन्सर नसतो. किती वेळा क्लीनिंग झालं, किती थेंब बाहेर टाकले याचा हिशेब मशीन आपल्या मेमरीत ठेवतं आणि ठरावीक आकड्यावर थांबतं. म्हणजे तो अंदाज आहे. थोडी जागा शिल्लक असतानाही मशीन थांबू शकतं. म्हणून ‘कंपनीने मुद्दाम बंद पाडलं’ असं लोक म्हणतात. ग्राहकाला स्वतः बदलता येईल असा डबा कंपन्यांनी पहिल्यापासून द्यायला हवा होता, हे माझंही ठाम मत आहे; नव्या अनेक मॉडेलांत तो आला आहे. पण पॅडमधली शाई मात्र खरी असते.

म्हणूनच ‘रिसेट मारलं की झालं’ हा समज सगळ्यात महागात पडतो. रिसेटने फक्त आकडा शून्यावर येतो. गाडीचं ट्रिप मीटर शून्यावर आणलं म्हणून टाकीत पेट्रोल येत नाही, तसंच हे. शाईतलं पाणी उडून जातं, पण ग्लिसरीन आणि ग्लायकॉलसारखी द्रव्यं सहजासहजी उडत नाहीत. पॅड पूर्ण वाळून पुन्हा कोरं होत नाही. दोन-तीनदा नुसतं रिसेट केलं की शाई पॅडबाहेर येते, टेबलावर ओघळते, दातेरी चाकांपर्यंत, कधी वीज देणाऱ्या भागापर्यंत जाते. पॅड बदला, मगच रिसेट करा. काही कारागीर नळी बाहेर काढून बाटलीत सोडतात. ते चालतं, पण नळी दुमडता कामा नये आणि बाटली प्रिंटरपेक्षा खाली हवी. दुसरी गोष्ट अधिक काळजीची: कुठूनही उतरवलेल्या फुकट रिसेट प्रोग्रामबरोबर व्हायरस येऊ शकतो. ज्या संगणकावर गावोगावच्या माणसांची आधार आणि बँक पासबुकं पडलेली असतात, तिथे हा धोका पत्करू नये.

आता शाईच्या धुक्याकडे. झाकण उघडल्यावर आत दिसणारा काळपट थर म्हणजे रस्त्यावरची धूळ, असं समजून फुंकर मारली जाते. धूळ असतेच, पण तो चिकट थर बऱ्याचदा शाईचाच असतो. हेडमधून सुटणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक मिलिलिटर म्हणजे 100 कोटी पिकोलिटर. 3 पिकोलिटरचा थेंब साधारण 18 मायक्रॉनचा, केसाच्या चौथ्या हिश्शाएवढा. छिद्रातून निघताना त्याला शेपूट असतं. ते तुटून आणखी सूक्ष्म थेंब होतात. हे इतके हलके की हवेच्या विरोधाने त्यांचा वेग मरतो, कागदापर्यंत न पोहोचता ते आतच तरंगतात आणि मिळेल तिथे बसतात. हेड आणि कागदातलं अंतर वाढलं की धुकं वाढतं. बिनकडांचे फोटो छापताना तर कागदाच्या कडेबाहेरच शाई पडते. ती झेलायला खाली स्पंज असतो.

हे धुकं एन्कोडर पट्टीवर बसलं की खरा त्रास सुरू होतो. ही हेडच्या मागे ताणलेली पारदर्शक पट्टी. तिच्यावरच्या बारीक रेघा मोजून हेडला आपली जागा कळते. रेघा झाकल्या की अक्षरं हलतात, हेड बाजूला आपटतं, एरर येते. मग हेड गेलं म्हणून नवीन हेडचा खर्च होतो, आणि दोष निघतो पट्टीचा. प्लग काढून, धागे न सुटणाऱ्या कापडाला किंचित शुद्ध पाणी लावून ती हलक्या हाताने पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, रेघाच पुसल्या जातील. बाजूच्या दांड्यावरचं ग्रीस पट्टीला लागू देऊ नका.

फिकट छपाई आली की सलग पाच-सहा क्लीनिंग मारायची सवयही सोडायला हवी. प्रत्येक क्लीनिंगची शाई थेट पॅडमध्ये जाते. आधी नोझल चेक, मग एक-दोन क्लीनिंग, तरी रेघा तुटत असतील तर रात्रभर विश्रांती. वाळलेली शाई भिजते, हवेचे बुडबुडे सरतात.

पॅडमधली शाई पुन्हा टाकीत भरू नये; तिच्यात सगळे रंग, धूळ, तंतू मिसळलेले असतात. नाल्यातही ओतू नये. 2023 च्या 1 एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही आहेत. भिजलेलं पॅड पिशवीत बांधून जुन्या कार्ट्रिजबरोबर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

राहिली बंद करण्याची रीत. दुकान मिटताना थेट बोर्डाचं बटण बंद केलं, तर हेड त्याचं तोंड झाकणाऱ्या टोपीवर जाऊन बसेलच असं नाही. उघडं राहिलं की रात्रीत शाई वाळते, सकाळी क्लीनिंग, पुन्हा पॅडमध्ये शाई. आपल्याकडे लाइट कधीही जाते, म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम. ते जमलं नाही तरी आज संध्याकाळी प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच बोर्डाकडे हात न्या.