दगडावर आदळलेले रोटरी कटर : बिघाड कसा शोधावा?

शेतीतील मजुरांची टंचाई आणि वेळेवर कामे उरकण्याची निकड यांमुळे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या अवजारांचा वापर आपल्या राज्यात सातत्याने वाढत आहे. केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये सुरू केलेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानामुळे आणि गावोगावी उभ्या राहिलेल्या अवजारे बँकांमुळे नांगर व पेरणीयंत्र यांच्या जोडीला गवत व झुडपे कापणारे रोटरी कटर, म्हणजेच स्लॅशर, हे यंत्रही अनेक शेतकऱ्यांच्या हाती आले आहे. फळबागांतील ओळींमधील गवत कापण्यास, पडीक जमिनीवरील झुडपे साफ करण्यास आणि पिकांचे धसकट बारीक करण्यास ते उपयोगी पडते. मात्र या नव्या यंत्राची पहिली परीक्षा बहुधा गवताशी होत नाही; ती गवताखाली दडलेल्या दगडाशी होते.

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसाल्ट खडक आहे. हा खडक झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि आतील कठीण गाभा गोल धोंड्याच्या रूपाने मुरमात शिल्लक राहतो. दरवर्षीच्या पावसाने वरची बारीक माती वाहून गेली की असे धोंडे उघडे पडतात. त्यात बांधावरून ढासळलेल्या दगडांची भर पडते. त्यामुळे गेल्या वर्षी निर्धोक असलेले रान यंदाही तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आघाताचे स्वरूप

ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे या गतीने फिरतो. कटरच्या गिअरबॉक्समध्ये ही गती वाढवली जाते. दीड मीटर रुंदीच्या यंत्रातील पाती मिनिटाला ९०० फेरे घेत असतील, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. या वेगाने पाते दगडावर आदळले आणि त्याचा केवळ १०० ग्रॅमचा तुकडा उडाला, तरी फिरत्या भागाचा तोल बिघडून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सुमारे ६० किलो वजनाइतका ओढा पडतो आणि तो सेकंदाला १५ वेळा दिशा बदलतो. 'यंत्र थोडे हादरते, पण काम चालते' असे म्हणून दिवसभर काम रेटल्यास बेअरिंग, ऑइल सील आणि अखेरीस संपूर्ण गिअरबॉक्स का निकामी होतो, हे यावरून ध्यानात येईल. पात्याच्या बोल्टला तडा गेला असल्यास ते पाते सुटून माणसाचा जीवही घेऊ शकते.

प्रथम काय करावे?

आदळल्याचा आवाज येताच पी.टी.ओ. बंद करावा, ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि पाती पूर्णपणे थांबेपर्यंत खाली उतरू नये. पी.टी.ओ. बंद केल्यानंतरही पाती काही काळ आपल्याच वेगाने फिरत राहतात. खालून पाहणी करण्यासाठी यंत्र वर उचलावे लागले, तर ते भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात किंवा डोके घालणे म्हणजे संकटाला निमंत्रण होय.

लक्षणांवरून बिघाडाचा शोध

बिघाडाचा शोध तीन प्रश्नांनी करावा.

पहिला प्रश्न : पी.टी.ओ. फिरतो, पण पाती फिरत नाहीत काय? तसे असल्यास बहुधा शिअर बोल्ट तुटलेला असतो. हा बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. स्वतः तुटून तो गिअरबॉक्स वाचवतो. त्याच्या जागी माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचा व प्रतीचाच बोल्ट घालावा. 'पुन्हा तुटू नये' म्हणून अधिक कठीण बोल्ट अथवा सळईचा तुकडा ठोकल्यास पुढच्या आघाताला बोल्ट टिकतो आणि गिअरचे दात तुटतात.

काही यंत्रांत शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो. आघाताच्या वेळी त्याच्या चकत्या घसरून धक्का झेलतात. यंत्र नवे असले तरी ते दीर्घकाळ उघड्यावर पडून राहिले असल्यास चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि क्लच घसरतच नाही. याची खात्री करण्यासाठी चकत्यांच्या कडेवर खडूने आडवी सरळ रेघ मारावी, स्प्रिंगचे सर्व नट सारख्याच फेऱ्यांनी सैल करावेत, पी.टी.ओ. दोन-तीन सेकंद चालवून बंद करावा आणि सर्व भाग थांबल्यावर रेघ पाहावी. रेघ तुटक झाली असेल तर क्लच मोकळा आहे. ती सलग राहिली असेल तर चकत्या सोडवून साफ कराव्या लागतील. त्यानंतर नट मोजून तेवढेच फेरे पुन्हा आवळावेत.

दुसरा प्रश्न : पाती फिरतात, पण यंत्र हादरते काय? अशा वेळी दोष बहुधा फिरत्या भागात असतो. पाती तुटली वा वाकली आहेत काय, हे प्रथम पाहावे. दगड लागल्यावर मागे सरता यावे म्हणून पाती आपल्या बोल्टभोवती मोकळी फिरणारी असतात. आघातानंतर एखादे पाते अडकून बसले असेल तर तोल जातो. पाती सुस्थितीत दिसली तरी मोजमाप घ्यावे. एका पात्याच्या टोकाचे यंत्राच्या छतापासूनचे अंतर मोजावे, मग पाती हाताने अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्या पात्याचे अंतर मोजावे. असेच मोजमाप दोन्ही पात्यांच्या बोल्टपाशीही घ्यावे. बोल्टपाशी अंतर सारखे, पण टोकापाशी वेगळे आले, तर पाते वाकले आहे. बोल्टपाशीच फरक आला, तर पाती धरणारी पट्टी किंवा तबकडी वाकली असावी. तबकडीचा मध्यभागच फिरताना डुलत असेल, तर शाफ्ट वाकला आहे आणि ते काम कुशल मिस्त्रीकडे सोपवावे.

तिसरा प्रश्न : खडखडाट किंवा घरघर ऐकू येते काय? तसे असल्यास पी.टी.ओ. शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस आणि गिअरबॉक्स तपासावा. शाफ्टच्या नळ्या वाकल्या नाहीत ना, त्या एकमेकींत सहज सरकतात ना, हे पाहावे. इंजिन बंद असताना पाती हाताने हळूहळू फिरवावीत. थोडी ढिलाई स्वाभाविक आहे; परंतु मध्येच अडकल्यासारखे वाटले, तर दात तुटल्याची शंका घ्यावी. तेल काढून पाहिल्यास त्यात धातूचे कण आढळतील. गिअरबॉक्सच्या तळाशी तेल ओघळत असेल, तर सील फुटले आहे अथवा शाफ्ट वाकला आहे.

दुरुस्तीतील पथ्ये

पाते बदलायचे झाल्यास एकच न बदलता संपूर्ण जोडी बदलावी. जुने झिजलेले आणि नवे पाते यांच्या वजनात फरक पडतो. पाती उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाची असतात. तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंग केल्यास ते पाणी उतरून ठिसूळ होते. म्हणून असे पाते टाकूनच द्यावे. आघातानंतर पात्यांचे बोल्ट, पट्टीच्या मध्यभागी असलेला मोठा नट व त्याची कोटर पिन आणि गिअरबॉक्स धरून ठेवणारे बोल्ट हे सर्व पुन्हा आवळून पाहावेत. नव्या यंत्राचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामातच बसतात व सैल होतात, त्यामुळे दगड लागला नसला तरी ही तपासणी आवश्यक आहे.

दुरुस्तीनंतर यंत्र मोकळ्या जागी, प्रथम कमी गतीने चालवून गती हळूहळू वाढवावी. त्या वेळी सुमारे १०० मीटरच्या परिसरात कोणीही, विशेषतः मुले, असू नयेत. दगड उडू नयेत म्हणून लावलेल्या साखळ्या किंवा पडदे कधीही काढू नयेत. कंप पुन्हा जाणवल्यास तेथेच थांबावे.

प्रतिबंध हाच उपाय

काम सुरू करण्यापूर्वी रान पायी फिरून पाहावे, मोठे दगड वेचावेत आणि जे हलवता येत नाहीत त्यांच्याशेजारी उंच काठी रोवून ठेवावी. पहिल्या फेरीत कापणीची उंची अधिक ठेवावी आणि ट्रॅक्टर सावकाश चालवावा.

यंत्र अवजारे बँकेतून अथवा शेजाऱ्याकडून आणलेले असेल, तर दगड लागल्याची गोष्ट ते परत करताना न लपवता सांगावी. भरपाईच्या धास्तीने ती लपवण्याचा मोह होतो, हे खरे. परंतु तडा गेलेला बोल्ट कोणाच्या रानात सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. बँकेनेही प्रत्येक यंत्रासोबत नोंदवही ठेवून अशी नोंद करणाऱ्याला दोष न देता यंत्राची तपासणी करून घ्यावी. यंत्र सामायिक असेल, तर त्याची काळजीही सामायिकच असली पाहिजे. अर्धा तास थांबून केलेली पाहणी हंगामातील कित्येक दिवस वाचवते आणि क्वचित एखादे कुटुंब उघड्यावर पडण्यापासूनही वाचवते, याचे भान प्रत्येक शेतकरी बंधूने व ट्रॅक्टरचालकाने ठेवावे.