बोटीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह

चार स्ट्रोकच्या डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरवर निदान दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून जळका वायू बाहेर जातो. अशा इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणजे मिनिटाला 1800 फेऱ्यांच्या वेगाला 900 वेळा. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेतच ते पेट घेते. व्हॉल्व्ह गळका असला की तो दाबच तयार होत नाही.

जास्त झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसते. तो मिटून सीटवर टेकतो तेवढ्या वेळातच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. व्हॉल्व्हच्या दांड्याशी सोडलेली टॅपेटची फट कमी ठेवली तर तो पुरता टेकत नाही आणि कडेने जळू लागतो. पंख्यात जाळे अडकले असताना इंजिन रेटले तरी परिणाम तोच. समुद्रावर आणखी एक शत्रू असतो, खारे पाणी. काही बोटींत इंजिन थंड करून आलेले पाणी धुराबरोबरच बाहेर टाकले जाते. इंजिन चालू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिले, तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. साचलेले पाणी मग उलट्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोचते. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायला हवा, आणि नेमके तेच घाईत राहून जाते.

कोकणात व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचे काम बहुधा मासेमारीबंदीत, 1 जून ते 31 जुलै या काळात निघते. बंद इंजिनातही काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात, आणि दमट खाऱ्या हवेने त्यांच्या सीटवर गंज धरतो.

इंजिन अर्धवट चालत असेल तर मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करतो. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडूनही आवाज बदलत नाही, दोष तिथे. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो, एक्झॉस्टकडून आली तर एक्झॉस्टचा. दोन्हीकडे शांतता असेल तर रिंगा किंवा नोझल तपासावे.

हेड उतरवून स्प्रिंग दाबली की लॉक निघतात आणि व्हॉल्व्ह हाती येतो. पुठ्ठ्याला भोके पाडून, नंबर घालून व्हॉल्व्ह त्यात खोचून ठेवतात, कारण ज्याचा त्यानेच आपल्या जागी परत जायचे असते. कार्बन काढल्यावर खरी अवस्था दिसते. दांडा वाकलेला, कडेला तडा किंवा जळून पडलेली खाच असली तर व्हॉल्व्ह बदलावा. घासून घासून कड पातळ झालेलाही बाद करावा. पातळ कड लाल होते आणि लवकर जळते. दांड्याची गाइड ढिली असेल तर नवा व्हॉल्व्हही तिरका बसेल.

बारीक खड्डे असतील तर व्हॉल्व्हचे तोंड मशिनवर घासतात आणि सीट कटरने कापतात. तोंडाचा आणि सीटचा कोन बहुधा 45 अंश असतो, काही इंजिनांत 30. लॅपिंग, म्हणजे पेस्टने घासणे, त्यानंतरचे. खोल खड्डे पेस्टने घालवण्याचा हट्ट सर्रास दिसतो. त्याने खड्डे तर राहतातच, वर सीट रुंदावते. तोंडाला थोडी पेस्ट लावून रबरी चोषकाच्या काठीने व्हॉल्व्ह पुढे-मागे फिरवतात. मधून मधून उचलून जागा बदलतात, नाहीतर एकाच ठिकाणी चरे पडतात. शेवटी सगळीकडे सारख्या रुंदीचा, न तुटलेला राखाडी पट्टा दिसला पाहिजे. पेस्टचा कणही राहू देऊ नये. तो गाइड खातो.

जोडणी झाल्यावर हेड उलटे ठेवून व्हॉल्व्हवर रॉकेल ओततात. पोर्टमध्ये ओल उतरली नाही तर काम जमले. गास्केट नवेच घालावे, बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत आणि फिलर गेजने टॅपेटची फट लावावी. काही तास इंजिन चालल्यावर ती पुन्हा मोजावी लागते, कारण नव्याने घासलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खोल बसतो आणि फट तेवढी कमी होते.