बागेविषयी लिहावे कसे?

बागेवर लेख लिहून चार पैसे मिळवता येतात, असे रनाळ्याच्या पारावर कुणी सांगितले, तर पहिला प्रश्न येईल, "बाग करून मिळत नाहीत, ते लिहून कुठून मिळणार?" प्रश्न रास्त आहे, तेव्हा आधी तेच सांगून टाकतो. नुसत्या बागलेखनावर संसार चालवणारा माणूस मराठीत विरळाच. मानधन थोडे, आणि तेही महिना-दोन महिन्यांनी हाती येणारे. शेती, शाळेची नोकरी किंवा रोपवाटिका हाताशी ठेवून जो लिहितो, तोच टिकतो. खरे म्हणाल तर चांगले लिहितोही तोच, कारण त्याच्या नखांत माती असते.

ही गोष्ट काही आजची नव्हे. महात्मा फुल्यांच्या घराण्याला 'फुले' हे नाव पडले तेच मुळी फुलांच्या धंद्यामुळे. १८८३ साली लिहून पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी डोंगरावरचा पालापाचोळा कुजून पावसाबरोबर शेतात कसा उतरतो आणि जमिनीला कस कसा देतो, हे सांगितले आहे. अलीकडचे उदाहरण श्रीपाद दाभोलकरांचे. ते गणिताचे अध्यापक. पण त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि पत्रांतून, बैठकींतून द्राक्षबागायतदारांशी हिशेबाच्या भाषेत बोलत राहिले. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक शिक्षक मंडळींनी जरूर मिळवावे. तिकडे इंग्लंडात व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या बाईंनी १९६१ पर्यंत कित्येक वर्षे 'ऑब्झर्व्हर' पत्रात दर आठवड्याला बागेवर लिहिले, तेही आपल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत स्वतः राबून. तिन्ही ठिकाणी आधी पाहणे झाले, मग लिहिणे झाले.

हा क्रम मोडला की काय होते, ते माझ्याच अनुभवातून सांगतो.

मी मिरचीवर एक लेख लिहिला होता. आपल्या नंदुरबार–दोंडाईचा पट्ट्यात मिरचीचे महत्त्व निराळे सांगायला नको. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की वाऱ्याबरोबर ठसका घरात येतो. त्या लेखात मी ठोकून दिले, 'पाने आकसली की फुलकिडे समजावेत आणि त्यांच्यावरचे औषध मारावे.' वाक्य सुटसुटीत होते, छापूनही आले. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावचे एक आबा मिरचीचे रोप घेऊन दारात उभे. "मास्तर, तुमचं वाचून दोनदा फवारलं. पैसे गेले, पानं तशीच." मी पान हातात घेतले. कडा खाली वळलेल्या, देठ लांबलेला. फुलकिड्यांचा तिथे संबंधच नव्हता!

आता यातला फरक पाहा. फुलकिडे पानाचा रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळीने रस शोषला तर कडा खाली वळतात, होडी उपडी होते. हा कोळी फार बारीक. भिंग घेतल्याशिवाय दिसायचा नाही. त्याला आठ पाय, म्हणजे तो कीटकांच्या जातीतलाच नव्हे. म्हणून पुष्कळशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. त्याला गंधकासारखे कोळीनाशक लागते. तिसरा प्रकार विषाणूचा. तो पांढरी माशी पसरवते. रोप खुरटते, पाने बारीक होऊन गोळा होतात. असे रोप कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे आणि माशीचा बंदोबस्त करावा. या तिघांनाही गावात नाव मात्र एकच, चुरडा-मुरडा. कुणी बोकड्या म्हणतो. नाव एक म्हणून उपाय एक, असे मी धरून चाललो आणि त्याचा खर्च आबांनी सोसला. मी पुढच्या अंकात दुरुस्ती छापून घेतली. पण लेख वाचणारे सगळेच दुरुस्ती वाचतात, असे थोडेच आहे?

नावांचा हा घोळ बागलेखकाने नीट ओळखून ठेवावा. आपण खानदेशात डांगर म्हणतो ते लाल भोपळ्याला. कोकणातल्या वाचकाला डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा पदार्थ. आणि इथून थोडे पश्चिमेला गुजरातेत गेलात, तर डांगर म्हणजे भात! आपले गिलके पुण्याकडे घोसाळे होते. म्हणून गावचे नाव आधी लिहावे, ते सोडू नये. पण शेजारी दुसरे प्रचलित नाव द्यावे आणि वेल, पान, फळ यांचे दोन ओळींत वर्णन करावे.

तसेच मातीचे. हलक्या, मुरमाड जमिनीवरच्या लेखकाने 'पाणी वरचेवर द्या' असे लिहिले आणि ते आपण काळ्या जमिनीतल्या पपईला लागू केले, तर बुंध्याशी पाणी साचून झाड कुजते. लेखात माती कोणती, पाणी विहिरीचे की पाटाचे, लागण कोणत्या महिन्यातली, एवढे तरी हवेच. यासाठी एक वही ठेवावी. तारीख, पाऊस, काय पेरले, काय मेले. मेलेले आवर्जून लिहावे. आपण तेच नेमके विसरतो.

लेख पाठवण्यापूर्वी चार शेतकऱ्यांना वाचून दाखवावा, अशी माझी आता रीत आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे चालवली होती. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या, असा तो प्रयोग. त्यातले मर्म हेच की, सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा प्रश्न कळला पाहिजे. माझ्या लेखात कुठे पाणी मुरते, हे आमच्या ओट्यावर दहा मिनिटांत कळते.

पैशाबद्दल दोन शब्द. थोडे नाव झाले की औषधाच्या किंवा बियाण्याच्या दुकानातून एखादे पाकीट भेट म्हणून येते आणि 'लेखात नाव तेवढे येऊ द्या' असा निरोप. पाकीट परत करावे. फवारणीच्या दिवसांत उधारीवर औषध घेणारा माणूस आपल्या शब्दावर विसंबलेला असतो. हक्काचे म्हणाल तर, वेगळा करार नसेल तेव्हा स्वतंत्र लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतःच, असे १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो. तेव्हा सही करण्यापूर्वी करारपत्र वाचावे, लेखाची प्रत घरी ठेवावी.

आणि वेळ सांभाळावी. मिरचीच्या रोपवाटिकेवरचा लेख वैशाखात वाचकाच्या हाती पडला तर उपयोग. आषाढात आला तर लागण होऊन गेलेली असते. संपादकाला जुळवाजुळवीला महिना-दोन महिने लागतात. म्हणून तो फाल्गुनातच पाठवून द्यावा, मग टपालाने असो की ई-मेलने.