गाळ नळीत नव्हे, भिंतीत

मेंदूत रक्तस्राव झाला असे कानी आले की आपण म्हणतो, रक्तदाब चढला असेल. बहुधा ते खरेही असते. पण म्हातारपणी याला आणखी एक कारण असते, आणि ते सहसा कोणाच्या तोंडी नसते. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या आजारपणाचे कागद करता करता जे वाचावे लागले, त्यातले उमगले तेवढे सांगतो.

मेंदूच्या पेशी एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे करीत असतात. त्यांतला एक बीटा अमायलॉइड. अमायलॉइड म्हणजे पिष्टासारखा. १८५४ साली फिरखो या जर्मन पंडिताने आयोडीनने चढणारा रंग पाहून हे नाव दिले. पुढे पदार्थ निघाला प्रथिन, पण नाव चिकटले ते चिकटलेच! हा तुकडा तुमच्याआमच्या सर्वांच्याच मेंदूत होतो, आणि त्याचा काही भाग लहान धमन्यांच्या भिंतींमधून बाहेर वाहून जातो. वयोमानाने हा निचरा मंदावला की तो भिंतीतच साचू लागतो.

आता येथे मंडळींनी थोडे लक्ष द्यावे. नळाला आतून गंज चढून भोक बुजते, तसा हा प्रकार नव्हे. धमनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. त्यांच्या जोरावर ती आवळते नि सैलावते. अमायलॉइड साचत गेले की या पेशी मरतात. जुन्या रबरी नळीला चिरा पडाव्यात तशी भिंत ठिसूळ होते आणि रक्त झिरपते, कधी एकदम फुटते. रक्तदाबाचा स्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात होतो, हा पृष्ठभागाजवळ. एकदा झाला की पुन्हा होण्याची भीती राहते.

१९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी हे प्रथिन प्रथम वेगळे काढले, ते अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूवरील आवरणातल्या रक्तवाहिन्यांतूनच. हॉलंडात काटवाइक गावच्या काही घराण्यांत हा रोग पिढीजात आहे. प्रथिनाच्या साखळीतली एकच कडी बदललेली, आणि धडधाकट माणूस पन्नाशीच्या सुमारास कोसळतो!

शेजाऱ्याला लागू पडली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपणही घेणारे आमच्यात पुष्कळ आहेत. भिंती ठिसूळ असतील तर तीच गोळी रक्तस्राव वाढवील. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने सोडणेही तितकेच घातक. झिरपलेल्या रक्ताचे बारीक ठिपके एम. आर. आय.मध्ये दिसतात, ते पाहून डॉक्टरांनी ठरवावे. रक्तदाब आटोक्यात ठेवला तर हाही धोका कमी होतो, आणि ते तर आपल्याच हाती आहे.