चित्र धरून ठेवणारा मासा

तैलचित्र जुनं झालं की रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. ते पुन्हा बसवायला रशियातले चित्रसंवर्धक पिढ्यान्‌पिढ्या काय वापरत आले, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झाले. स्टर्जन माशाच्या पोटातली हवेची पिशवी! आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाचा ‘बोत’ महागड्या भावाने विकला जातो, तोच हा अवयव. मासा त्यातली हवा कमीजास्त करून पाण्यात तरंगतो.

वाळलेली पिशवी पाण्यात भिजवून ६० अंशांच्या आत मंद तापवली की तिचा गोंद होतो. ती बहुतांशी कोलॅजेनची असते. तीन धाग्यांचा पीळ असलेलं हे प्रथिन. उष्णतेने पीळ सुटतो, पाणी उडालं की धागे पुन्हा एकमेकांत गुंततात. फार उकळलं तर मात्र धागेच तुटतात आणि चिकटपणा जातो. शंभर भागांत दोन-चार भाग गोंद पुरतो. इतकं पातळ द्रावण केसाएवढ्या भेगेत आपोआप ओढलं जातं. वर पातळ कागद ठेवून कोमट पात्याने हलकेच दाबलं की पापुद्रा जागेवर बसतो. आणि पुढे कधी गरज पडली, तर ऊब आणि ओलावा देऊन हा गोंद पुन्हा मऊ करता येतो. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच गुण.

हा गुण नसला की काय होतं, हे कळायला चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची गोष्ट पाहा. १६४२ च्या या चित्रामागे १८५१ मध्ये संवर्धक निकोलास हॉपमन यांनी आधारासाठी मेण आणि राळ वापरून नवं कापड चिकटवलं. त्यामागचा विचार चांगला होता: सरस आणि पिठाची खळ दमट हवेत ओलावा शोषते, बुरशी धरते, मेणाला ते भय नाही. पण वितळलेलं मेण कापडातून थेट रंगापर्यंत झिरपतं. काही चित्रं त्याने काळवंडतात, आणि मेण प्यालेल्या चित्रावर पाण्यातला गोंद नीट धरत नाही. ते मेण पूर्णपणे काढणं जवळजवळ अशक्य. १९७४ साली इंग्लंडमधल्या ग्रीनिचला जगभरचे संवर्धक जमले, तेव्हा सरसकट कापड चिकटवणं थांबवा, असा आग्रह पुढे आला.

माशाचा गोंदही सगळीकडे चालत नाही. मॅट रंगावर तो चमक आणू शकतो. तिथे जपानी समुद्रशैवालाचा ‘फुनोरी’ हा गोंद बरा. शिवाय स्टर्जन आज संकटात आहे, त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

तुमच्या घरातल्या जुन्या तैलचित्राचा रंग सुटत असेल, तर सुतारकामाचा पांढरा गम कृपा करून लावू नका. चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, गळालेले कण जपून ठेवा आणि संवर्धकाला बोलवा.