सुजलेला गुडघा आणि दोन बाटल्या

क्षय म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, बेडका आठवतो, छातीचा एक्स-रे आठवतो. सुजलेला गुडघा आठवत नाही. मुरगळला असेल, वात असेल, असं म्हणत तेल चोळलं जातं, शेक दिला जातो, कधी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शनही दिलं जातं. त्याने चार दिवस सूज उतरते आणि आतल्या जंतूला रान मोकळं मिळतं.

एकूण क्षयरुग्णांत हाडा-सांध्यांचे रुग्ण शंभरात एक ते तीन. त्यातले जवळजवळ निम्मे मणक्याचे. मणक्याच्या क्षयात येणाऱ्या कुबडाचं आणि लुळ्या पडणाऱ्या पायांचं वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्येच केलं होतं. मणक्याखालोखाल खुबा आणि गुडघा.

हा जंतू रक्तावाटे सांध्याच्या अस्तरात किंवा शेजारच्या हाडात येऊन बसतो. इतर अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे सांधा लालबुंद होत नाही, फारसा तापत नाही. पू साठला तरी गळू थंडच राहतं. पण या संथपणातच रुग्णाची संधी आहे. साध्या पुवाने सांध्याची कूर्चा काही दिवसांत नासते, क्षयात ती बराच काळ तग धरते. त्या काळात औषध सुरू झालं तर सांधा जवळजवळ पूर्वीसारखा चालू शकतो.

जाणत्या डॉक्टरचा हात अशा गुडघ्यावरून फिरताना पाहावा. वाटीच्या वरची सूज मळलेल्या कणकेसारखी लागते. मग टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या जातात. दुखऱ्या बाजूची मांडी वाळलेली असते. मुलांच्या खुब्याचा क्षय तर हमखास फसवतो. मूल गुडघा दुखतो म्हणतं, फोटो गुडघ्याचा निघतो आणि रोग खुब्यात असतो. रात्री ते झोपेतून किंचाळत उठतं, कारण दिवसभर सांधा आवळून धरणारे स्नायू झोपेत सैल पडतात आणि सोललेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. घरात दृष्ट काढली जाते.

निदानात एक्स-रे सुरुवातीला दगा देतो. पहिले काही आठवडे तो साफ असू शकतो. सांध्याजवळचं हाड विरळ होणं, कडा कुरतडल्या जाणं, सांध्यातली फट हळूहळू कमी होणं, हे सगळं नंतर दिसतं. एमआरआय लवकर बोलतो, पण तोही शंका वाढवतो, जंतूचं नाव सांगत नाही. ईएसआर ही रक्तचाचणी तर कितीतरी आजारांत वाढलेली दिसते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्या इतक्या फसव्या ठरल्या की २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

उरतो तो सांध्याच्या अस्तराचा तुकडा. इथे मला दोन बाटल्यांबद्दल बोलायचं आहे. तुकडा काढला की सवयीने तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला ते ठीक. पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांचं कल्चर होत नाही आणि औषधाला ते दाद देतात की नाही हे कळायचा रस्ता बंद होतो. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये जायलाच हवा. त्या दुसऱ्या बाटलीतून सीबीनॅट ही जनुकीय चाचणी साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या औषधाला जुमानतो का, हे सांगू शकते. कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात. सांध्यात जंतू मोजकेच असल्यामुळे एखादी चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाही, असं मात्र होत नाही.

उपचारांचा इतिहास मोठा आहे, पण तो बराचसा अंथरुणाला खिळण्याचा आहे. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांची प्रसिद्ध खपाची (स्प्लिंट) मुळात क्षयाच्या गुडघ्याला सक्तीची विश्रांती देण्यासाठी होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि चित्र पालटलं. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी औषधांवर भर देऊन शस्त्रक्रिया गरजेपुरतीच ठेवणारा मधला मार्ग रूढ केला. खुबा पार नासला तर तो जखडून टाकण्याऐवजी मांडीच्या हाडाचं डोकं काढून हालचाल राखण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी केली. पाय आखूड होतो, लंगडणं राहतं, पण माणूस उकिडवा बसू शकतो, मांडी घालू शकतो. ज्या देशात जेवण, पूजा, शौच, शेतातली निंदणी सगळं जमिनीवर होतं, तिथे हा निर्णय मला फार माणुसकीचा वाटतो.

आज सुरुवातीचे दोन महिने चार औषधं, नंतर तीन. एकूण किमान बारा महिने, कधी अठरा. दुखणं असेतो विश्रांती किंवा वजन लावून ताण, आणि दुखणं उतरताच हालचाल सुरू. लघवी नारिंगी होते, ती रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नये. नजर किंवा रंग ओळखणं बिघडलं, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दोन-तीन महिन्यांत सूज उतरते, भूक लागते, आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आहारासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपयेही मिळतात.

घरात कुणाचा एकच सांधा सहा आठवड्यांहून अधिक सुजलेला असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा क्षय तर नाही ना?’ आणि तुकडा काढायचा ठरला, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा, दुसरी बाटली सलाइनची आहे ना.